नावांची कुठे टंचाई?

२०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून दुष्काळी लातूरला पाण्याची रेल्वे निघाली. सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास. तिचं नाव ‘जलदूत’. नामकरणात आपल्याकडे कधी अवर्षण पडत नाही.

तीन वर्षांनी कृष्णेच्या पुराने त्याच सांगली-मिरजेच्या पट्ट्यात घरंदारं बुडाली. तेव्हा मात्र ते पाणी न्यायला कुणाला रेल्वेच्या वाघिणी आठवल्या नाहीत.

या सगळ्या काळात ‘जलयुक्त शिवार’ योजना जोरात होती. २०१४च्या डिसेंबरात घोषणा झाली. २०१९पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त व्हायचा होता. नाले खोल झाले, रुंद झाले, जेसीबीवाल्यांचे दिवस पालटले. २०१८मध्ये सरकारनेच १५१ तालुके दुष्काळी ठरवले! पुढे ‘कॅग’ने हिशेब मांडला: ९,६०० कोटींहून अधिक खर्च, भूजलावर परिणाम नगण्य. कारण अगदी साधं. पाणी अडवायला यंत्रं होती, उपसा अडवायला कुणी नव्हतं. ओल दिसताच शेतकरी नगदी पिकांकडे वळले. त्यांनी तरी दुसरं काय करावं? भाव त्या पिकांनाच.

मग सरकार बदललं, चौकशी लागली. पुन्हा सरकार बदललं आणि योजनेचा ‘२.०’ अवतार आला. आणि नगदी पिकांचा उपसा आवरायचा, तर उसाला ठिबक सिंचन सक्तीचं करण्याचा निर्णय २०१७चाच. मंत्रालयातून निघालेला तो कागद बऱ्याच फडांपर्यंत अजून पोहोचायचा आहे.