गिरणीच्या भोंग्यास खुले पत्र

रा. रा. जुन्या गिरणीचा भोंगा,
मु. पो. सोलापूर, यांस,

वसमत, जि. हिंगोली येथून एका हळदवाल्याचा सा. न. वि. वि.

तीन दिवस आपल्या शहरी राहून आलो. आपली भेट मात्र झाली नाही. सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव, असं शाळेत घोकलेलं. म्हणून उतरल्याउतरल्या रिक्षावाल्याला म्हटलं, "बाबा, आधी गिरणी दाखव." त्यानं नेऊन पिठाच्या गिरणीपुढं सोडलं.

त्याचं तरी काय चुकलं? सिद्धेश्वराचं तळं विचारा, भुईकोट किल्ला विचारा, डॉ. कोटणीसांचं स्मारक विचारा. तो डोळे झाकून नेतो. 1877 मध्ये सुरू झालेली आपली गिरणी, मागून आलेल्या लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी ही मंडळी कुणी बघायला येतं, हेच त्याला ठाऊक नव्हतं. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर गिरणी कामगारांसकट हे गाव रस्त्यावर उतरलं, इंग्रजांना मार्शल लॉ पुकारावा लागला, आणि 12 जानेवारी 1931 रोजी चौघे फासावर गेले. त्यांचा आता पत्ता झाला आहे: "चार पुतळ्यापासून डावीकडं वळा."

चिमणी तरी पाहू म्हटलं, तर साखर कारखान्याची उंच चिमणी 15 जून 2023 रोजी विमानतळापायी पाडलेली. त्या विमानतळावरून दोन वर्षांनी विमान उडालं, तेही गोव्याला! पर्यटक बाहेर न्यायची सोय आधी झाली म्हणायची.

आपला आवाज कुठं ऐकला म्हणाल, तर पूर्वभागात. एका बोळात खटखट आली म्हणून डोकावलो. बनियनवरचे एक आजोबा यंत्रमागाशी उभे होते. वर जेकार्डच्या भोकांच्या पट्ट्या सरकत होत्या, खाली चादरीवर मोराची मान उमटत होती. आजोबांच्या भुवयांवर कापसाची पिंज बसलेली. सूत तुटलं, माग थांबला, त्यांनी न बघता गाठ मारली, आत कुणालातरी तेलुगूत काही सांगितलं आणि आम्हाला मराठीत विचारलं, "काय पायजे?" आम्ही म्हटलं, बघायला आलोय. "हे?" म्हणाले, आणि हसत खुर्ची पुढं केली. तीन दिवसांत बघण्यासारखं एवढंच पाहिलं, आणि ते कुठल्याही यादीत नव्हतं.

सौ.नं नंतर दुकानातून दोन 'अस्सल सोलापुरी' चादरी घेतल्या. घरी उलटून बघितल्या तर शिक्का पानिपतचा. मराठी माणसाचं पानिपत असं सोलापुरात व्हावं, हे बरं नव्हे. भौगोलिक मानांकन चादरीला आहेच. 2024 मध्ये आमच्या वसमतच्या हळदीलाही मिळालं. उद्या आमचीही हळद कुणाच्या पुडीत शिरेल, याची धास्ती वाटते.

तेव्हा वाचकहो, भोंगा काही उत्तर द्यायचा नाही. तुम्हीच फेब्रुवारी-मार्चात वसमतला या. शेतात कुकर लागलेले असतात, हळद शिजते, वाळते, ढोलात घालून घासली जाते. तिकीट नाही, पाटीही नाही. पांढरे कपडे घालून येऊ नका.

आपला,
वसमतचा एक हळदवाला