जामचा सेंट बर्नार्ड

माझ्या मावसभावाने, म्हणजे आमच्या दादाने, जामला सेंट बर्नार्ड पाळला आहे. हे वाक्य मे महिन्यात मोठ्याने वाचू नये. वाचणाऱ्यालाही धाप लागते. त्या दिवसांत वर्धा जिल्ह्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास रेंगाळतो, नागपूर-हैदराबाद हायवेचं डांबर चपलेला धरून ठेवतं आणि हा सत्तर किलोचा गृहस्थ जन्मतःच दुहेरी केसांची घोंगडी पांघरून आलेला.

त्याचं मूळ घराणं आल्प्समधलं. स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवर सुमारे २,४७० मीटर उंचीवर ग्रेट सेंट बर्नार्ड नावाची खिंड आहे. तिथल्या मठातल्या साधूंनी बर्फात चुकलेले वाटसरू शोधायला ही कुत्री ठेवली. त्यांतल्या बॅरीने (१८००-१८१४) चाळीसहून जास्त माणसं वाचवली म्हणतात. त्याचं कातडं भरून बर्नच्या संग्रहालयात ठेवलंय. गळ्यातलं ब्रँडीचं पिंप मात्र लँडसीअर नावाच्या इंग्रज चित्रकाराने १८२० च्या सुमारास चित्रात अडकवलं, आणि जगाने तेच खरं धरलं. ते खोटं निघालं हे आमचं नशीब. गांधीजींमुळे दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात असा कुत्रा पिंपासकट चौरस्त्यावर फिरला असता, तर जामिनाला दादाच उभा राहिला असता.

गावात त्याला बघायला माणसं येतात. शेजारच्या काकांनी उभी हयात गवळाऊ बैलांत काढलेली. गवळाऊ ही याच भागाची जात. पांढरी, हलक्या अंगाची, उन्हात दुडक्या चालीने गाडी नेणारी. जनावर बघितलं की त्याचं काम विचारायचं, ही काकांची सवय.

"काय करते जी हा?"

"बर्फात गाडलेली माणसं शोधते, काका."

"आन् इथं?"

"इथं बर्फ शोधते."

हे अगदी खरं आहे. दुपारी तो कूलरसमोर असा पसरतो की घरातल्या माणसांना वारा त्याच्यावरून वळसा घालून येतो. कुत्र्याला घाम जवळजवळ पंजांपुरताच. अंगातली उष्णता बाहेर टाकायची ती जीभ काढून, धापा टाकून. अंग ४१ अंशांपलीकडे तापलं की उष्माघात, मग डॉक्टरकडे पळा. त्यामुळे फिरणं उजाडायच्या आत. संध्याकाळी डांबरावर आधी दादा स्वतःचा तळहात टेकवून बघतो. त्याला सोसवलं तरच कुत्रा बाहेर. "याची हजामत करून टाका ना भाऊ," असं सुचवणारे रोज भेटतात. पण तीच घोंगडी उन्हालाही अडवते, म्हणून भादरायचं नाही, फक्त विंचरायचं. विंचरलेल्या केसांत एक उशी सहज भरते. वहिनींनी अजून भरलेली नाही, पण नजर आहे.

जेवणाचं प्रकरण त्याहून नाजूक. या खोल छातीच्या कुत्र्यांनी एकदम ताटभर ओरपलं आणि लगेच उड्या मारल्या, तर पोट फुगून पिळा पडू शकतो आणि काही तासांत जिवावर बेततं. म्हणून जेवण दोन-तीनदा वाटून आणि वर सक्तीची वामकुक्षी. पिल्लू असताना "लवकर थोराड व्हावा" म्हणून कोणी कॅल्शियमची पावडर आणून दिली होती. दादाने ती परत केली, कारण जादा कॅल्शियमने हाडं सुधारत नाहीत, बिघडतात. आणि एवढं करून या जातीचं आयुष्य साधारण आठ-दहा वर्षांचं. पहाटे उठणं, पथ्याचं जेवण, दुपारी सक्तीची विश्रांती: डॉक्टरांनी दादाला सांगितलेली सगळी पथ्यं आता कुत्रा पाळतो.

ग्रेट डेन आणला असता तर एक वेळ पटलं असतं. नाव डेन्मार्कचं असलं तरी तो मूळचा जर्मन, रानडुकरांच्या शिकारीचा. समुद्रपूर तालुक्यात हरभऱ्याची नासाडी करणारी रानडुकरं भरपूर. फक्त पहिल्याच शिकारीला वनखात्याने मालकाला नेलं असतं. रॉटवायलर तर जर्मनीतल्या रॉटवाइल गावी गुरं हाकायचा, खाटकांच्या गाड्या ओढायचा. गुरं हाकायला इथे काका आहेत.

माझं मत विचाराल तर दख्खनचा कारवानी काय वाईट? मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली हीच कुळी. २०१६ मध्ये लष्कराने मेरठला तिची पिल्लं प्रशिक्षणाला नेली. आखूड केस, लांब पाय, ऊन अंगवळणी पडलेलं. यंदा दादाच्या मनात याला जोडीदार आणायचं घोळत होतं, तेव्हा मी कारवानीचं नाव काढलं. दादाने फोटो बराच वेळ न्याहाळला.

"कुत्रा चांगला आहे रे," तो म्हणाला, "पण याच्या बरगड्या दिसतात. लोक म्हणतील, मोठ्यालाच सगळं खाऊ घालते."