बोट पाण्यात सोडण्यापूर्वीची कामे: आईंच्या फोनला सविस्तर उत्तर

साउथॅम्प्टन
तीर्थस्वरूप नाना व आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

वापरलेली छोटी शिडाची बोट समुद्रात सोडण्याआधी तिची डागडुजी खालून वर करत जातात: आधी तळ, मग इंजिन, मग आतले सामान. धाकट्या चिरंजिवांनी घेतलेली बोट वेस्टर्ली सेंटॉर जातीची आहे. लांबी २६ फूट, अंग फायबरग्लासचे. १९६९ ते १९८० या काळात अशा दोन हजारांहून अधिक बोटी इथल्याच हॅम्पशायर परगण्यात बांधल्या गेल्या. हिच्या पोटाखाली मधोमध एक कणा नसून दोन बाजूंना दोन आहेत, त्यामुळे ओहोटीला ती चिखलात सरळ उभी राहते. आईंच्या ‘कलंडली तर?’ या प्रश्नाचे उत्तर त्यात आले. ‘घेतलीच कशाला?’ याचे उत्तर चिरंजिवांकडून अद्याप मिळालेले नाही.

तळाला शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून विषारी रंग लावतात. पूर्वी त्यात कथिलाचे एक संयुग असे. त्याने शेवाळाबरोबर कालवांचीही वाट लावली, म्हणून ब्रिटनने १९८७ साली छोट्या बोटींवर त्याला बंदी घातली. आता तांब्याचे संयुग घालतात, आणि अडीच लिटरच्या चांगल्या डब्याला शंभर पौंडांहून जास्त मोजतात. पौंडाला शंभराने गुणण्याचा आईंचा परिपाठ इथे थांबवावा. गुणाकार झालाच असेल तर हेही ध्यानात घ्यावे की हा रंग पाण्याखाली राहत असल्याने कोणालाही दिसत नाही, आणि एक-दोन वर्षांत तो पुन्हा लावावा लागतो. तेवढ्यात हर्णैच्या घराची पडवी रंगून निघाली असती, हे नानांचे म्हणणे बरोबर आहे. ते चिरंजिवांपुढे पुन्हा काढू नये.

जुना रंग काढण्याचे नियम, बोट उभी आहे त्या यार्डाने फळ्यावर लिहून ठेवले आहेत. कोरडा घासायचा नाही, पाणी मारून घासायचा. खाली ताडपत्री हवी. निघालेला गाळ घरच्या कचऱ्यात चालत नाही, घातक कचऱ्याच्या वेगळ्या पिंपात टाकायचा. म्हणजे जो रंग विकत घेऊन वर्षभर समुद्रातच विरघळवायचा, त्याचा चमचाभर गाळ धक्क्यावरून समुद्रात गेला की नियमभंग. यावर तक्रार करणाऱ्याला फळा दाखवतात.

तळाजवळच जस्ताचा एक तुकडा बसवतात. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की त्यांतला एक झिजतो. जस्त आधी झिजते आणि बोट ढकलणाऱ्या पंख्याचे पितळ वाचते. घरात ही कामगिरी थोरली सून करते. तुकडा निम्मा संपला की बदलतात, एवढाच फरक.

बोटीच्या तळाला मुद्दाम पाडलेली भोकेही असतात: इंजिनाला थंड पाणी घ्यायला, मोरीचे आणि संडासाचे पाणी सोडायला. प्रत्येकावर व्हॉल्व्ह असतो. साध्या पितळेतले जस्त समुद्रात निघून जाते आणि मागे गुलाबी, ठिसूळ धातू उरतो. सुरीने खरवडून गुलाबी दिसले की व्हॉल्व्ह बदलायचा. शिवाय प्रत्येकाला त्या मापाची लाकडी खुंटी सुतळीने बांधून ठेवतात, व्हॉल्व्ह तुटला तर ठोकून बसवायला. (कुकरच्या शिट्टीमुळे मजकूर इथे खंडित.)

इंजिनाकडे वळण्यापूर्वी तिकडच्या विहिरीच्या पंपाचा प्रश्न निकाली काढणे आवश्यक आहे. पंप पाणी धरत नाही याचा शेजारच्या बापूकाकांच्या नजरेशी संबंध नाही; फूटव्हॉल्व्ह गेला असणार. बांधावरच्या फणसाबद्दल मात्र बापूकाकांचीच चूक दिसते. फणस ज्याच्या हद्दीत पडतो त्याचा, हा नियम त्यांनीच गेल्या वर्षी आंब्याला लावला होता. मंजूचे लग्न मे महिन्यात ठरले हे उत्तम झाले. मुलाकडच्यांनी मानपान नको म्हणून याद्या पाठवल्या, त्या चारदा वाचून झाल्या. इंजिनाचे तेल, पट्टा आणि पंपातले रबरी चक्र बदलले आहे.

पार्सल पोचले. मेतकूट, आमसुले, कुळथाचे पीठ सगळे सुखरूप. बोटीच्या अंगाला पॉलिश करायला मऊ सुती कापड लागते, आणि पार्सलभोवती गुंडाळलेले आईंचे जुने पातळ त्यासाठी फार चांगले, असे चिरंजिवांचे मत पडले. पातळाला फडताळाचा, डांबरगोळ्यांचा आणि किंचित आमसुलांचा वास येतो. त्यामुळे ते पॉलिशला दिलेले नाही. ते नातीच्या उशाशी असते. तिचा हट्ट आहे असे सांगितले जाते. रात्री ते आणखी कोण कोण उचलून हुंगते याची नोंद ठेवलेली नाही.

आता रेडिओ. या देशात खासगी छोटी बोट समुद्रात न्यायला कसलाही परवाना लागत नाही. सायकलही न चालवलेला माणूस सुकाणू धरून फ्रान्सच्या दिशेने निघू शकतो. पण त्याच बोटीवरचा रेडिओ उचलून एरवीचे काही बोलायचे तर अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्र हवे. बुडताना मदत मागायला अट नाही, ही त्यातल्या त्यात सवलत. परीक्षेत बोटीचे नाव ठरलेल्या शब्दांत एकेक अक्षर सुटे करून सांगावे लागते. नाव ‘आक्का’ ठेवल्यामुळे सूनबाई भांडी घासताना ‘अल्फा किलो किलो अल्फा’ असा जप करतात. हे आक्काआत्यांना कळवावे की नाही ते आईंनी ठरवावे. ‘आक्का मागून गळते’ अशी वाक्ये घरात रोज बोलली जातात, एवढे विचारात घ्यावे.

शेवटी क्रेन. बोट पट्ट्यांत उचलून पाण्यात टेकवतात, पण पट्टे लगेच सोडत नाहीत. एकजण आत उतरून प्रत्येक व्हॉल्व्ह आणि पंख्याचा दांडा बाहेर जातो ती जागा हाताने चाचपतो. कोरडे असेल तर बोट मोकळी; ओले लागले तर पुन्हा वर. या यार्डाच्या धक्क्याला पाणी कमी, म्हणून उधाणाची भरती लागते. इथे ती दुपारच्या आसपास येते आणि बराच वेळ टिकते. तेव्हा नानांनी चैत्र पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांतला मुहूर्त पंचांग पाहून कळवावा. भांगाचा दिवस कितीही शुभ असला तरी उपयोगाचा नाही. नारळ इथे मिळतो. तो फोडून खोबरे वाटायचे की नारळी पौर्णिमेसारखा पाण्यात सोडायचा हे आईंनी सांगावे. सोडायचा ठरल्यास यार्डाच्या माणसाची चहाची वेळ साधावी लागेल.

आपली,
सूनबाई