आपापलं सोवळं

इंग्लंडातल्या फोक क्लबचा थाट ठरलेला: पबच्या माडीवरची खोली, हातात बिअर, मध्यंतरात रॅफलची तिकिटं आणि गाणाऱ्याचा एक तळवा कानाशी. दिवसभर ऑफिसात हिशेब तपासणारा गृहस्थ संध्याकाळी इथं देवमासा मारायला निघतो. ध्रुपदाला अख्खी माडी त्याच्याबरोबर दोर ओढते.

लंडनमध्ये गायक यूअन मॅकॉल यांच्या क्लबात सोवळं फार कडक असे. ज्यानं त्यानं आपल्याच मुलखाचं, आपल्याच भाषेतलं गाणं गायचं! कुणा लंडनकरानं लेडबेली या अमेरिकन गायकाचं गाणं आळवलं तेव्हा मॅकॉलांच्या जोडीदार गायिका पेगी सीगर यांना हसू आवरेना. नियमाचा उगम तिथला. सीगरबाई न्यूयॉर्कच्या, त्यामुळे त्यांना सबंध अमेरिका मोकळी. मॅकॉलसाहेब मात्र स्कॉटिश गीतं गात. जन्म मँचेस्टरला खेटून असलेल्या सॅलफर्डचा, पाळण्यातलं नाव जेम्स मिलर. पण आईबाप स्कॉटिश होते ना! नियम करणाऱ्याची वंशावळ अशी वेळेवर कामी येते.

माडीवर देवमासे मारणाऱ्यांच्या तुलनेत नॉरफकचे गायक सॅम लार्नर मात्र उमेदीची वर्षं खरोखर हेरिंग पकडत आलेले. त्यांना आवाजात मीठ घालावं लागत नसे.

आणि मॅकॉलांचं ‘डर्टी ओल्ड टाउन’? १९४९ साली त्यांनी ते आपल्या सॅलफर्डवर लिहिलं. पुढे डब्लिनर्स आणि पोग्ज या बँडनी ते असं गाजवलं, की आता कित्येक जण ते जुनं आयरिश लोकगीत समजून डोळे मिटून गातात.