बिनआग्रहाचा पाहुणा

खानदेशात पाहुण्याला दोन गोष्टींची मुभा नसते. एक, नको म्हणण्याची आणि दुसरी, गप्प बसण्याची. पाचोरा स्टेशनावर उतरून कोणाच्याही घरी जा. शेवभाजीचा रस्सा वाटीत पुन्हा पडणारच. ‘पोट भरलं’ हे वाक्य इथे कोणी मनावर घेत नाही. कोणते तुम्ही, कुठले, अमक्याचे कोण लागता, ही उलटतपासणी चहा उकळायच्या आत पूर्ण होते. अशा गावात आमच्याकडे एक पाहुणा राहायला आला, आणि त्याला यातलं काहीएक चालत नव्हतं.

पाहुणा म्हणजे एक निळा बजरीगर. वजन फार तर 30-40 ग्रॅम. ओळखीतल्या एका कुटुंबाची बदली झाली, सामानाच्या ट्रकमध्ये पिंजऱ्याला जागा उरली नाही, म्हणून तो पिंजऱ्यासकट आमच्या ओसरीवर आला. बाजारात याला सगळे लव्हबर्ड म्हणतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने 1840 साली त्याला इंग्लंडला नेलं आणि तेव्हापासून त्याच्या पिढ्या माणसाच्या घरात जन्माला येऊ लागल्या.

बातमी गल्लीत पोचायला वेळ लागला नाही. शेजारच्या आजी पिंजऱ्याला नाक लावून म्हणाल्या, “काबरं रे, राघू नाही भेटला का?” त्यांना सांगावं लागलं, की 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. “मग हा?” हा परदेशी, म्हणून चालतो. आजींना हा न्याय पटला नाही, पण परदेशी म्हटल्यावर त्या जरा अदबीने मागे सरकल्या.

दुसरा प्रश्न प्रत्येकाचा ठरलेला, “बोलतं का?” चोचीच्या वरचा, नाकपुड्यांभोवतालचा भाग निळा असला तर नर, तपकिरी असला तर मादी, आणि बोलतो तो बहुतेक नर. आमच्याचं नाक निळं होतं. त्यात कोणीतरी मोबाइलवर शोधून काढलं, की कॅलिफोर्नियातल्या पक नावाच्या बजरीगरला 1,728 शब्द येत होते आणि त्याची गिनीज बुकात नोंद आहे. झालं! घरातले सगळे मास्तर झाले. जाता-येता जो तो पिंजऱ्यापुढे थांबून ‘मिठू मिठू’ करायला लागला. विद्यार्थी मात्र दांडीच्या पार टोकाला, पिसं अंगाला घट्ट चिकटवून, बारीक होऊन बसलेला. कोणी बघत असलं की दाण्याला तोंड लावायचा नाही.

त्याचंही बरोबर होतं. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, म्हणजे चौफेर पहारा ठेवणाऱ्याचे. आपले डोळे समोर, मांजरासारखे आणि घुबडासारखे, म्हणजे शिकाऱ्याचे. असे दोन डोळे रोखून कोणी सरळ चालत आलं आणि वरून हात घातला, की त्याच्या लेखी तो शिक्राच. आमच्या खानदेशी आग्रहाचं पाखराच्या भाषेत भाषांतर केलं तर अर्थ निघतो हल्ला.

तेव्हा आधी त्याची जागा ठरली. पाठीशी भिंत हवी, उंची आपल्या डोळ्यांइतकी हवी, वर्दळ नको. ओसरीवर गल्ली, पुढच्या खोलीत टीव्ही, आणि स्वयंपाकघर तर साफ बाद. पाखराच्या शरीरात फुप्फुसांच्या जोडीला हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे धूर त्याला आपल्यापेक्षा कितीतरी लवकर बाधतो. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्या वाफेने पाखरू दगावतं. आमच्याकडे तवा लोखंडी, पण भरताची वांगी काड्यांच्या जाळावर भाजली जातात आणि फोडणीला अख्खी आळी खोकते. गंमत म्हणजे पाखरांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही. निसर्गाने अस्सल खानदेशी जीभ दिली ती पाखराला, आणि त्यालाच फोडणीपासून लांब ठेवायचं! शेवटी मधल्या खोलीत शिलाई मशीनजवळचा कोपरा मिळाला.

मग सुरू झालं काहीही न करणं. हे आम्हाला सगळ्यात जड गेलं. पिंजऱ्याशेजारी तिरकं बसायचं, पेपर वाचायचा, हळू आवाजात भाव-बिव, कापूस-केळी असं काही बोलायचं आणि राळ्याचं कणीस जाळीला लावून धरायचं. हाताला रग लागते, पण हलायचं नाही. पाचोरा-जामनेर नॅरोगेजची आमची पीजे 56 किलोमीटर जशी रमतगमत जायची, त्याच चालीने तो दांडीवरून एकेक पाऊल सरकत आला.

आणि एके दुपारी त्याने हातातल्या कणसातला दाणा ओढला. दाणा चोचीत फिरला, छोट्या जाड जिभेने तो गोल वळवला, साल सुटलं आणि अलगद माझ्या मनगटावर पडलं. पाठोपाठ दुसरं. मनगटाला खाज सुटली होती, पण खाजवायची छाती कोणाची?

संध्याकाळी तो पिसं सैल सोडून, एक पाय पोटाशी घेऊन, चोच चोचीवर घासत करकर आवाज करायला लागला, तेव्हा समजलं की स्वारीला घर मानवलं. अशी फुगलेली पिसं भर दिवसा दिसली आणि शेपूट श्वासाबरोबर वर-खाली व्हायला लागली, तर मात्र डॉक्टरच गाठायचा. पाखरं दुखणं शेवटपर्यंत लपवतात.

पुढे बोट पोटाशी, पायांच्या जरा वर टेकवलं की तो त्यावर चढू लागला. बाहेर सोडायचं म्हणजे आरशावर कपडा, खिडक्या बंद आणि पंखाही बंद. मे महिन्यात पाचोऱ्यात पंखा बंद करायला फार मोठं प्रेम लागतं. घरात मतदान झालं. पाखरू एका मताने निवडून आलं.

या शिस्तीचा एक बळी मात्र गेला. जामनेरचे मामा जेवायला आले, पहिल्याच भाकरीला “बस” म्हणाले, आणि सवयीने कोणी पुन्हा वाढलंच नाही. मामा अर्धपोटी गेले. ही गोष्ट त्यांनी तालुकाभर केली आहे.

तरी माझं मत बदललेलं नाही. नीट सांभाळलं तर हे पाखरू सात-आठ वर्षं सोबत करतं. तेव्हा दुकानात जाण्याआधी कोणाच्या बदलीत एखादं अडकलंय का, याची चौकशी करा. आणलंत, तर सुरुवातीचे दिवस त्याला मांजरापासून जपा, धुरापासून जपा आणि सगळ्यात जास्त, तुमच्या प्रेमापासून जपा. मामांना मात्र पोटभर वाढा.