गोड बोलणाऱ्यांचा बंदोबस्त

अनोळखी नंबरावरून आलेला फोन कामाचा आहे की बिनकामाचा, हे पहिल्या वाक्यातच कळतं. "नमस्कार सर, कसे आहात? दोन मिनिटं बोलू शकतो का?" असं कुणी विचारलं की समजावं, याचं आपल्याशी काही काम नाही आणि आपलं याच्याशी तर नाहीच नाही. उलट "हॅलो, गेटवर उभाय. कुठली बिल्डिंग?" असा वसकन अंगावर येणारा आवाज हमखास आपल्या माणसाचा. आपला माणूस म्हणजे आपलं पार्सल, आपला सिलिंडर, आपला गळका नळ किंवा आपल्या लघवीचा रिपोर्ट ज्याच्या ताब्यात आहे तो. ज्याच्यावाचून आपलं अडतं, त्याला गोड बोलायची गरज काय? गरज त्याला, ज्याच्यावाचून आपलं छान चाललंय.

या सिद्धान्तावर मी डोंबिवलीत बसून बरीच वर्षं काम करतोय. त्याला छेद देणारा फोन क्वचितच आला.

गोड बोलणाऱ्यांत पहिला मान प्लॉटवाल्यांचा. डोंबिवलीकराला दुसरं घर हवंच असतं, असा त्यांचा ठाम समज. (पहिल्याचे हप्ते अजून चालू आहेत, हे त्यांच्या कानावर कसं जात नाही?) "सर, कर्जतला एनए प्लॉट आहे. फुल नेचर. स्टेशनपासून फक्त पाच मिनिटं." ही पाच मिनिटं कुठल्या वाहनानं, हे विचारायचं नसतं. नवी मुंबईच्या विमानतळाचं 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्घाटन झालं, 25 डिसेंबरला विमानं उडायला लागली, आणि ठाणे-रायगडमधला एकूण एक वरकस माळ 'एअरपोर्टपासून वीस मिनिटांवर' आला. एकाला मी म्हटलं, "अहो, मुरबाडहून वीस मिनिटांत?" तो शांतपणे म्हणाला, "सर, फ्यूचरमध्ये." यावर माणूस काय बोलणार!

दुसरे कर्जवाले. आपण न मागताच यांनी आपलं कर्ज मंजूर करून ठेवलेलं असतं. घरासाठी खरोखर कर्ज मागायला बँकेत गेलो होतो, तेव्हा काउंटरमागच्या गृहस्थांनी मान वर न करता "जामीनदार कुठायत?" एवढंच विचारलं होतं. ते उद्धट होते, म्हणून ते कर्ज खरं होतं. आता रोज दुपारी अडीच वाजता, नेमका डोळा लागलेला असताना, एक मंजुळ आवाज मला पाच लाख देऊ पाहतो. जामीनदार नको, कागद नकोत, फक्त 'हो' म्हणा.

पूर्वी हे परवडलं नसतं. मोबाइल 1995 साली देशात आला तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास पडत, आणि ते नुसतं बोलण्याचे नव्हे, ऐकण्याचेही. त्या दरात "कसे आहात सर" ऐकून घेतलं असतं तर घर गहाण पडलं असतं. त्याआधीच्या घरच्या फोनची तर गोष्टच वेगळी. चाळीत एकाकडे फोन आणि बाकी साऱ्यांच्या लग्नपत्रिकांवर त्याचा नंबर, पुढे कंसात 'पीपी'. तेव्हाचा नको असलेला फोन म्हणजे दुसऱ्यासाठी आलेला फोन. तिसऱ्या मजल्याकडे तोंड करून हाक मारली की आपलं काम संपलं. मे 2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि तिथेच सगळं बिघडलं. आपला कान फुकट झाला हो!

सरकारनं काही केलं नाही असं म्हणवत नाही. 2007 साली ज्यांना जाहिरातीचे फोन नकोत त्यांची देशभरची यादी झाली. 27 सप्टेंबर 2011 पासून दूरसंचार नियामक 'ट्राय'चे नियम आणखी कडक झाले. रात्री नऊ ते सकाळी नऊ जाहिरातीचा फोन बंद झाला. 2018 मध्ये पुन्हा नवी नियमावली. 1909 या नंबरावर कळवलं की आपण 'डीएनडी'त जातो. त्यातही सोय अशी की सरसकट नकार द्यायलाच हवा असं नाही. बँका-विमा, घरं, शिक्षण, आरोग्य, पर्यटन, खाणंपिणं असे वेगवेगळे विभाग आहेत. कुठलं नको ते निवडायचं. लग्नाच्या पंगतीत पानावर हात आडवा धरून "जिलबी नको, मठ्ठा वाढा" म्हणावं, तसं. पंगतीचा अनुभव ज्यांना आहे त्यांना पुढचं सांगायला नको. वाढपी हातावरच जिलबी ठेवतो.

नोंदणी केलेल्या जाहिरातदारानं 140नं सुरू होणाऱ्या नंबरावरून फोन करायचा, असाही नियम आहे. त्यामुळे झालं काय, की जो प्रामाणिक होता तो 140वर गेला आणि लोकांनी त्याचा फोन उचलणं सोडलं. बाकीच्यांनी साधी दहा आकडी सिम घेतली आणि ते आपल्या मावसभावाच्या नंबरासारख्या दिसणाऱ्या नंबरावरून बोलू लागले. त्यावर फेब्रुवारी 2025 मध्ये नियम बदलला. तक्रारीला पूर्वी तीन दिवस मिळत, आता सात मिळतात. आणि दहा दिवसांत एका नंबराविरुद्ध पाच तक्रारी आल्या की कारवाई. म्हणजे माझ्याखेरीज आणखी चार वैतागलेली माणसं हवीत. डोंबिवलीत ती सकाळी आठ-दोनच्या लोकलला हवी तेवढी मिळतील. फक्त त्यांचा एक हात वरच्या कडीला आणि दुसरा पुढच्याच्या बॅगेत अडकलेला असतो, तक्रार नोंदवणार कशानं?

मेसेजांचं मात्र बरं केलंय. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक अक्षर येतं. पी असेल तर जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकार. अक्षर वाचायचं आणि आतलं न वाचता पुसायचं. माझ्या हिशेबी सरकारच्या हातून झालेलं हे सगळ्यात नीटनेटकं काम, म्हणून बहुधा कुणाला माहीत नाही. याउलट ते सावधगिरीचं भाषण सगळ्यांना पाठ झालं. नको असलेल्या फोनपासून आपल्याला वाचवण्यासाठी सरकारनं हव्या असलेल्या फोनांच्या आधी अमिताभ बच्चनना बोलायला उभं केलं होतं. पाणी घरात शिरलंय, प्लंबरला फोन लावलाय, आणि इकडे तो भारदस्त आवाज ओटीपी कुणाला देऊ नये ते समजावतोय. प्लंबर माझा ओटीपी मागत नव्हता. दोनशे रुपये जास्त मागत होता.

आता ब्लॉक करण्याबद्दल. माझ्या फोनमधली ब्लॉक केलेल्यांची यादी एखाद्या प्रभागाच्या मतदार यादीएवढी आहे, आणि तितकीच निरुपयोगी. कारण प्लॉटवाला एका नंबरावरून दोनदा फोन करतच नाही. ज्याला आपण कडी लावली तो परत येणारच नव्हता. जो येणार आहे त्याचा नंबर अजून छापायचाय. एकाच नंबरावरून वर्षानुवर्षं फोन करणारा नको असलेला माणूस माझ्या आयुष्यात एकच, तो म्हणजे विम्याचा एजंट असलेला माझा साडू. त्याला ब्लॉक केलं तर मुंजीत समोरासमोर पॉलिसी घ्यावी लागेल.

हे सगळं ऐकून पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही ना, अननोन सगळे सायलेंट करून टाका." अशी सोय आयफोनमध्ये 2019 पासून आहे, बाकीच्या फोनांतही या ना त्या रूपात असते. त्यानं ती सुरू करून दिली आणि घरात स्वर्गीय शांतता पसरली. प्लॉट नाहीत, कर्ज नाही, क्रेडिट कार्ड नाही. दुपारची झोप अशी लागायला लागली की बायको श्वास चालू आहे ना, ते बघून जायची. मग एके दिवशी गॅस संपला. सिलिंडर दाराशी येऊन गेला होता. खालून त्या पोराचा फोन आला होता, म्हणजे फोनच्या दृष्टीनं एक अनोळखी नंबर आला होता आणि त्याला मोठ्या अदबीनं गप्प केलं गेलं होतं. पुढे कुरियर परत गेलं, रक्त घ्यायला येणारा मुलगा उपाशीपोटी वाट बघणाऱ्या बायकोला तशीच ठेवून निघून गेला, आणि सोसायटीच्या टाकीचं पाणी बंद होणार असल्याचं आम्हाला नळ उघडल्यावर कळलं. गोड आणि उद्धट यांतला फरक यंत्राला कळत नाही, कारण त्यासाठी आधी फोन उचलावा लागतो.

नाव सांगणारी ॲपं आहेत. ट्रूकॉलर 2009 साली स्वीडनमध्ये निघालं आणि वाढलं ते मुख्यतः भारतात, यात नवल नाही. अनोळखी माणूस कोण, कुणाचा, कुठला, ही चौकशी आपल्याइतक्या आवडीनं कोण करतं? अशा ॲपात आपलं नाव लोकांनी आपल्याला जे दिलंय ते दिसू शकतं. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला की पुतण्याच्या स्क्रीनवर 'मेंटेनन्स कटकट' असं येतं. सेक्रेटरींना हे कुणी सांगितलेलं नाही. माझ्या नंबरापुढे काय येतं ते पुतण्यानं मला सांगितलेलं नाही.

या सगळ्यात खरा बंदोबस्त केला तो आत्यानं. वय ऐंशीच्या पुढे, पोस्टातल्या ठेवींचे व्याजदर तोंडपाठ. कर्जवाल्या मुलीनं पाच लाखांचा विषय काढला तसं आत्या म्हणाली, "मला कशाला गं कर्ज? माझ्याकडेच पडलेत थोडे. तू घेतेस का? किती टक्क्यानं घेशील?" पलीकडे शांतता. "साडेदहा? बरं, अकरा दे. जामीनदार आहे का तुझ्याकडे?" त्या कंपनीनं आत्याचा नंबर ब्लॉक केला असावा, कारण पुन्हा फोन आला नाही. आत्याला त्याची चुटपुट लागून राहिली आहे.

माझ्या सिद्धान्ताला एकच मोठा धक्का बसला तो 'डिजिटल अरेस्ट'वाल्यांनी. ही मंडळी गोड बोलत नाहीत. सीबीआयमधून बोलतोय, तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडलेत, व्हिडिओ कॉल बंद केलात तर बेड्या, असं दरडावतात. शिकलेसवरलेले लोक यात आयुष्याची पुंजी घालवून बसलेत, त्यामुळे इथे थट्टा आवरती घेतो. डिजिटल अटक असा प्रकार आपल्या कायद्यात नाही, हे ऑक्टोबर 2024च्या 'मन की बात'मध्ये खुद्द पंतप्रधानांना सांगावं लागलं. पैसे गेलेच तर वेळ न दवडता 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा.

पण उद्धट माणूसही खोटा निघू शकतो म्हटल्यावर सिद्धान्तात दुरुस्ती करणं आलं. नुसता सूर बघून चालणार नाही, लांबीही बघायची. खरा उद्धट माणूस दहा सेकंदांत फोन आपटतो. त्याला पुढच्या बिल्डिंगमध्ये जायचं असतं. दरडावूनही जो तासभर लाइनवर राहतो तो पोलीस नव्हे. आपली तक्रार नोंदवून घ्यायला पोलीस चौकीत जाऊन बघा, तुम्हाला तासभर कोण देतं ते. गोड आणि लांब म्हणजे प्लॉट किंवा कर्ज, हे ठरलेलंच. राहता राहिला गोड आणि आखूड. तो फोन वर्षातून एकदा, पावसाळ्यात, दिवाळी अंकाच्या संपादकांचा येतो: "लेख पाठवा, मानधनाचं बघू या नंतर."

तेव्हा मंडळी, तुमच्यापैकी कुणाचं माझ्याकडे खरोखर काही काम निघालंच, तर कृपा करून नमस्कार, कसे आहात, वेळ आहे का, असलं काही विचारू नका. मी फोन ठेवून देईन आणि नंबर ब्लॉक करेन. उचलल्या उचलल्या "कुठे तडमडला होतात इतका वेळ?" असं खेकसा. मी लगेच खाली येतो.