नमस्कार विद्यार्थी मित्रांनो

मुलांना धड्याची गोडी लागावी म्हणून आधी मिनिटभराचा व्हिडिओ दाखवावा, हे आता आम्हा शिक्षकांत सर्वमान्य आहे. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असे व्हिडिओ रोज येऊन पडतात. मागे पडदा, शेजारी प्लास्टिकच्या फुलांची कुंडी, आणि कॅमेऱ्याच्या दोन बोटं वर बघत सर म्हणतात, "नमस्कार विद्यार्थी मित्रांनो!" मग नाव, हुद्दा, शाळा, केंद्र, तालुका, जिल्हा. जिल्हा येईतो मिनिट संपतं. गोडी लागायची ती पुढच्या भागात.

मी सातवीला इतिहास शिकवतो. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले ही मंडळी आली की वर्गात जांभयांची साथ येते. त्यामुळे उन्हाळ्यात सासरच्या मंडळींबरोबर काशीयात्रा ठरली तेव्हा गंगाजलाच्या कॅनआधी मी ट्रायपॉड बांधला. जागा हेरली संकठा घाटाची. एका अंगाला लागूनच शिंदे घाट, दुसऱ्या अंगाला गंगामहाल ओलांडला की भोसले घाट. मधल्या पायरीवर उभं राहून नुसती मान फिरवली की अर्धा धडा पदरात! शिंदे घाट बायजाबाईंनी 1830 च्या सुमारास बांधवला. कागलच्या घाटग्यांची लेक, दौलतराव शिंद्यांची पत्नी. सगळं तोंडपाठ करून ठेवलं होतं.

सकाळी सहाला मोबाइल हिच्या हातात देऊन मी सुरू झालो. "नमस्कार वि—" एवढ्यात मागून एक बोकड आला. गळ्यात कुणीतरी घातलेली झेंडूची माळ. माझ्यापेक्षा तोच प्रमुख पाहुणा वाटत होता. तो हलेपर्यंत नावाड्यांची हाळी सुरू झाली. तिसऱ्या खेपेला तालुक्यापर्यंत पोचलो, तर नऊवारीतल्या एक आजी थेट चौकटीत. "अगंबाई, आपल्याकडचेच दिसता! संकठादेवीचं देऊळ कुठं हो?" वर गल्लीत, म्हटलं. मग त्यांनी सावकाश माझं नाव विचारलं, गाव विचारलं, तालुका, जिल्हा, शेवटी आडनावावरून नातंही काढलं. माझ्या या तपशिलात मनापासून रस असलेली ती जगातली एकमेव व्यक्ती असावी.

सासूबाई देवीला नारळ-चुनरी वाहून खाली आल्या. थोडा वेळ माझं भाषण ऐकलं. मग अत्यंत अदबीनं म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही जरा बाजूला सरकलात तर घाट दिसेल."

चित्रपटकलेवर इतकं नेमकं मत मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. दादासाहेब फाळक्यांना ते 1912 सालीच उमगलं होतं. लंडनहून कॅमेरा घेऊन आल्यावर त्यांनी आधी राजा-राणी काही उभे केले नाहीत. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून जास्त काळ थांबत थांबत चित्रण केलं. पडद्यावर मिनिटभरात दाणा फुटला, अंकुर वर आला, वेल झाला. 'अंकुराची वाढ' हे त्याचं नाव. मूकपट असल्यामुळे 'नमस्कार' म्हणायची सोयच नव्हती, हे आपलं भाग्य. ते पाहून यशवंतराव नाडकर्णी, नारायणराव देव्हारे यांच्यासारख्यांनी कर्ज देऊ केलं. व्हिडिओ बघून एखादं पोर वही उघडेल एवढीच आमची आशा असते. फाळक्यांच्या वाटाण्यांनी लोकांच्या थैल्या उघडल्या.

याच फाळक्यांनी पुढे 'राजा हरिश्चंद्र'मधली काशी आपल्या त्र्यंबकेश्वरात चित्रित केली. हे आधी आठवलं असतं तर तिकिटांचे पैसे वाचले असते. पुढे 1920 च्या सुमारास, धंद्यातल्या भागीदारांना वैतागून, ते खरोखरच काशीत येऊन राहिले आणि 'रंगभूमी' नाटक लिहिलं. काशीत माणसं मोक्षासाठी येतात. हा मराठी माणूस येऊन नाटक लिहीत बसला.

एव्हाना एका नावाड्याला माझी दया आली होती. "मास्टरजी, पहिले ऊ टेढ़ा मंदिर दिखाइए. बच्चा खुदे पूछेगा." त्यानं शिंदे घाटाकडे बोट केलं. तिथलं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ पिसाच्या मनोऱ्यापेक्षा जास्त कललंय. देऊळ बांधून मुलानं 'आईचं ऋण फेडलं' अशी बढाई मारली आणि देऊळ कललं, ही नावाड्याची कथा; ओझ्यानं पाया खचला, ही माझी. मी चकार शब्द न काढता वीसेक सेकंद ते कललेलं शिखर टिपलं. सासूबाईंनी मान डोलावली.

जूनमध्ये तेवढंच वर्गात दाखवलं.

"सर, पडणार का?"

"सर, फोनच वाकडा धरलाय!"

"शेजारची इमारत सरळ आहे ना, गाढवा."

"सर, ठेकेदारानं पैसे खाल्ले का?"

या शेवटच्या प्रश्नाचं बोट धरून आम्ही बायजाबाईंच्या घाटाशी पोचलो, कारण तोही पुढे खचला आणि पुन्हा बांधावा लागला. मराठ्यांचा पैसा काशीत का आला, बायका राज्यकारभारात कशा, भोसले इथं कसे, सगळं पोरांनीच उकरलं. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा एकानं चक्क "श्या!" म्हटलं. नोकरीत एवढं मोठं प्रशस्तिपत्र मला मिळालेलं नाही.

आता अडलंय एवढंच की पावसाळ्यात गंगा चढते आणि ते देऊळ पाण्यात जातं. वर्गाला ते बघायचंय आणि श्रावणात मला रजा नाही. तेव्हा वाचकांपैकी कुणी त्या सुमारास काशीला जाणार असेल, तर शिंदे घाटावर पाणी असेल तिथून, जपून, वीस सेकंदांचं चित्रण करून पाठवावं. फक्त कृपा करून बोलू नये. नाव, तालुका, जिल्हा वेगळ्या चिठ्ठीवर चालेल.